जुनी सिंगल फेज मोटर हाताने ज्या बाजूला फिरवू त्याच बाजूला का धावते? दिशा कायमची कशी उलटवायची?

स्विच दाबल्यावर नुसतं घूं आणि शाफ्टला हिसका दिला की त्या बाजूला पळणार, या लक्षणावरून निम्मं निदान होतं. रनिंग वाइंडिंग (मोटर चालू असेपर्यंत वीज घेणारं मुख्य गुंडाळं) बहुतेक शाबूत आहे, बिघाड स्टार्टिंगच्या (सुरुवातीचा धक्का देणाऱ्या गुंडाळ्याच्या) सर्किटमध्ये आहे.

एकट्या रनिंग वाइंडिंगचं चुंबकीय क्षेत्र फिरत नाही, जागच्या जागी उलटसुलट होत राहतं. विरुद्ध दिशांना फिरणाऱ्या दोन सारख्या क्षेत्रांची ती बेरीज समजा. थांबलेल्या रोटरला (शाफ्टवरच्या फिरत्या भागाला) दोन्हीकडून सारखीच ओढ असते, म्हणून तो हलत नाही. जरा फिरला की त्या बाजूची ओढ वरचढ होते. रोटरला स्वतःची दिशा नसतेच.

ती ठरवतं स्टार्टिंग वाइंडिंग. ते रनिंगपासून 90 विद्युत अंश सरकवून बसवलेलं असतं आणि बारीक तारेमुळे किंवा कंडेन्सरमुळे त्यातला करंट रनिंगच्या पुढे असतो. मोटरने सिंक्रोनस वेगाच्या (फिरत्या क्षेत्राच्या वेगाच्या) सुमारे 75 टक्के गाठले की सेंट्रिफ्युगल स्विच (वेगाने वजनं बाहेर फेकली गेली की उघडणारा) ते तोडतो. चार पोल, 50 हर्ट्झ असेल तर मिनिटाला 1500 पैकी साधारण 1100 फेऱ्यांना. बंद करताना वेग उतरल्यावर ‘टक्’ ऐकू येतं, ते याच स्विचचं.

आता तपासणी. प्लग काढा, कंडेन्सर बल्बमधून डिस्चार्ज करा (स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडू नका), सोडवून मोजा. तो ठीक असेल तर स्विच पाहा: पॉइंट (स्विचचे टेकणारे संपर्क) काळे पडलेत का, वजनं जुन्या ग्रीसमध्ये चिकटलीत का. बेअरिंग बदलताना शाफ्टवरची वॉशर चुकीच्या बाजूला गेली, तर रोटर एक-दोन मिलिमीटर सरकतो आणि पॉइंट दाबलेच जात नाहीत. ही चूक भल्याभल्यांकडून होते, आणि मग नवा कंडेन्सर टाकूनही मोटर घूंच करते. उलट, पॉइंट चिकटून राहिले तर स्टार्टिंग वाइंडिंग चालूच राहतं आणि थोड्याच वेळात जळतं. घूं करणारी मोटरही दोन-तीन सेकंदांत बंद करा, तेव्हा करंट नेहमीच्या कित्येक पट असतो.

दिशा उलटवायला फक्त स्टार्टिंगची दोन टोकं अदलाबदल करा, कंडेन्सर आणि स्विच त्याच्याच सिरीजमध्ये ठेवून. रनिंगची केली तरी चालेल, पण दोन्हींची केलीत तर दिशा होती तीच. प्लग उलटा घालून काहीही होत नाही. ओहम मोजल्यावर कमी रोधाची जोडी सहसा रनिंगची. बाहेर तीनच वायरी असतील तर कॉमन जोड आत आहे. कव्हर उघडून तो सोडवावा लागेल. आणि चालत्या मोटरवर टोकं बदलून उपयोग नाही, तेव्हा स्टार्टिंग सर्किटबाहेर असतं.

पंप असेल तर दिशा बदलूच नका, पाणी नीट फेकणार नाही. ग्राइंडरच्या चाकांचे नट उलट दिशेत सैल होऊन चाक सुटू शकतं.

पोलवर तांब्याची कडी असलेली छोटी मोटर मात्र वेगळी. ती कडी नसलेल्या भागाकडून कडीकडे फिरते. तिला उलटवायचं तर स्टेटरच (बाहेरचा स्थिर भाग) पालटून बसवावा लागतो.