इंदूरच्या आसपास शेतांमधून, हलक्या चढ-उताराचे रोड सायकलिंगचे रस्ते कोणते?

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून नुकतेच इंदूरला शिफ्ट झालात, रोड बाईक आहे, सुपर कॉरिडॉरवर तेच ते राउंड मारून कंटाळलात आणि आता गावाकडचे शेतांमधले रस्ते हवेत, थोडी चढण चालेल पण सिंहगडासारखा घाट नको, आणि शक्यतो नाश्त्याच्या वेळेपर्यंत घरी. मी इथलाच, रामबागेतला, आणि हे सगळे रस्ते माझ्या रोजच्या फिरण्यातले आहेत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी एक गोष्ट बघून घ्या, मग रूट कुणाला विचारायचीच गरज पडणार नाही. मॅप उघडा आणि नद्या बघा. विंध्याचा कडा आपल्या दक्षिणेला, महूच्या पलीकडे, आणि पठार तिथून उत्तरेकडे हळूहळू उतरत जातं, त्यामुळे चंबळ, गंभीर, क्षिप्रा, झालंच तर आपली शहरातली कान्ह, सगळ्या उत्तरेला वाहतात. आता उत्तर-दक्षिण जाणारा रस्ता धरला की तो नदीच्या सोबतीने जातो, म्हणजे सपाट. पूर्व-पश्चिम रस्ता धरला की तो एकेक नाला ओलांडत जातो, पुलावर उतरायचं, पुढच्या बरडीवर, म्हणजे छोट्या टेकाडावर, चढायचं, परत उतरायचं, आणि तुम्हाला जे हवंय ते हेच. कुठलीच चढण मोठी नाही, पण तासाभराने पाय सांगतात की रस्ता सपाट नव्हता.

म्हणून उज्जैन रोड माझ्याकडून बाद. सांवेरपर्यंत लोक जातात, स्पीड छान मिळतो, पण बघायला काही नाही, वर 2028 च्या सिंहस्थासाठी सहा लेनचं काम काढलेलं, धूळ खायची असेल तर जा.

सुरुवात पश्चिमेने करा. गांधीनगरवरून हातोद, तिथून यशवंत सागर. हा गंभीर नदीवरचा तलाव, होळकरांच्या काळात शहराच्या पाण्यासाठी बांधलेला, 2022 मध्ये याला आणि सिरपूर तलावाला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, आणि थंडीत पाण्यावर इतके पक्षी असतात की तुम्ही थांबणारच. जवळच गुलावटची लोटस व्हॅली आहे, प्री-वेडिंगवाले सकाळी सकाळी ड्रोन घेऊन हजर असतात, एकदा बघा आणि विसरा. दम असेल तर हातोदहून पुढे देपालपूरपर्यंत जा, दोन्ही बाजूंना पावसाळ्यात सोयाबीन आणि थंडीत गहू, लसूण, बटाटा, मधे मधे छोटी छोटी गावं, आणि देपालपूरजवळ बनेडियाचा तलाव. जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटरच्या आसपास होतात, पण यशवंत सागरवरून परत फिरलात तर पन्नासच, तेवढे नाश्त्याच्या आत होतात. परतताना बेटमावरून धार रोडने यायचा मोह होतो कारण मॅपवर छान लूप दिसतो, पण तो अहमदाबादचा हायवे आहे आणि ट्रकवाले पीथमपूरच्या घाईत असतात, आल्या रस्त्यानेच परत या.

पूर्वेला देवगुराडियाची टेकडी, नेमावर रोडने. सकाळी या रस्त्यावर महापालिकेच्या कचऱ्याच्या गाड्या दिसतील कारण बायो-सीएनजीचा प्लांट तिथेच आहे, तेवढा टप्पा नाक दाबून काढा. पुढे खुडैल आणि कंपेलकडे वळलात की गाड्या एकदम कमी होतात आणि रस्ता खरा सुरू होतो. क्षिप्रेचा उगम याच बाजूला, उज्जैनी गावाजवळच्या काकरी बर्डीवर मानतात. मोठी नदी वगैरे डोक्यात ठेवून जाऊ नका, नाला पण म्हणवणार नाही असं पाणी आहे. मला स्वतःला हा पूर्वेचा भाग सगळ्यात आवडतो, कारण इथल्या बरडी जरा जास्त उंच आहेत आणि माथ्यावर आलं की चारी बाजूंना नुसती शेतं, शहराची एक बिल्डिंग दिसत नाही.

दक्षिणेला मात्र हिशोब वेगळा. राऊवरून महू, छावणीतली झाडं, मग बडगोंदावरून जाम गेट. जाताना सतत थोडं थोडं चढत राहता, इतकं हळू की वाटतं ब्रेक घासतोय की काय, आणि येताना तीच सडक तुम्हाला फुकटात घरी आणून सोडते. जाम गेट अहिल्याबाईंनी 1791 मध्ये बांधलं, माळव्याचा शेवट तिथे, दरवाज्यातून बघितलं की खाली सरळ निमाडचं मैदान. तिथूनच परत फिरा हां, कारण खाली मंडलेश्वरपर्यंत उतरायला मजा येते पण तोच घाट उन्हात चढून यायचं म्हणजे तुम्ही जे नको म्हणालात तेच. जाम गेट जाऊन-येऊन शंभर किलोमीटरच्या आसपास होतं म्हणून रविवार राखून ठेवा. त्याच बाजूला जानापाव आहे, चंबळचा उगम आणि परशुरामाचं जन्मस्थान मानतात ते, उंची साडेआठशे मीटरच्या पुढे, वरपर्यंत डांबरी रस्ता आहे पण शेवटची चढण चांगलीच उभी, मागच्या गिअरच्या चकत्यांचा संच (कॅसेट) अकरा-अठ्ठावीस दातांचा असेल तर पहिल्याच वळणावर कळेल, सगळ्यात मोठी चकती बत्तीस-चौतीसची असेल तर बसून निघते.

खंडवा रोडचं नाव तुम्हाला बरेच लोक सुचवतील, सिमरोल, चोरल, तिंछा वगैरे. निसर्ग सुंदर आहे यात वादच नाही, पण चार लेनचं आणि बोगद्यांचं काम, वर ट्रकची रांग, रोड बाईकवर मी तिकडे कुणाला पाठवणार नाही. पावसाळ्यात शनिवार-रविवारी तर धबधबेवाल्यांच्या गाड्यांनी पाय ठेवायला जागा नसते.

आता इथल्या मातीचं सांगतो, कारण पुण्याहून आलेल्याला हे कुणी सांगत नाही. ही काळी माती आहे, आणि पावसाळ्यात शेतातून ट्रॅक्टर सडकेवर आला की टायरच्या खाचांमधले गोळे पन्नास मीटरपर्यंत टाकत जातो. ओले असताना त्यावरून गेलात तर माती टायर आणि ब्रेकच्या मधल्या फटीत जाऊन बसते, चाक फिरणंच बंद होतं, आणि काडीने उकरून काढावी लागते. वाळल्यावर तेच गोळे दगड होतात. सप्टेंबरच्या शेवटापासून सोयाबीनची कापणी, तेव्हा बरेच शेतकरी पीक सडकेवरच पसरतात, त्या शेंगांवर वळताना ब्रेक अजिबात लावायचा नाही, सायकल सरळ ठेवून जाऊ द्यायची, आणि शक्यतो बाजूने जा, त्यांचा माल आहे तो. मग थंडीत बाभळीच्या काट्यांची कुंपणं, त्यांच्या फांद्या ओढत नेताना काटे सडकेवर पडतात. मी तर थांबलो की ग्लव्ह घातलेला हात टायरवरून हलकेच फिरवून घेतो, काटा आत जायच्या आधीच निघतो. पंचवीस मिलीमीटरचे टायर असतील तर अठ्ठावीस टाका, फ्रेममध्ये बसत असतील तर बत्तीस, आणि हवा जरा कमी ठेवा. दोन ट्यूब, पंप, पॅच सोबत हवेतच, गावातल्या पंक्चरवाल्याकडे तुमच्या प्रेस्टा व्हॉल्व्हचं (रोड बाईकच्या ट्यूबचा बारीक व्हॉल्व्ह) काही चालत नाही.

वारा पण बघा. मार्चपासून पावसापर्यंत पश्चिमेचा वारा ऊन चढलं की जोर धरतो, तेव्हा हातोद-देपालपूर जाताना तो समोरून खायचा आणि परतताना पाठीवर घ्यायचा. पूर्वेला जाल तर उलटं होतं, दहा वाजता थकलेल्या पायांनी वाऱ्यात घुसून घरी यावं लागतं, म्हणून उन्हाळ्यात मी पश्चिम धरतो आणि पूर्व थंडीसाठी ठेवतो. थंडीत अडचण उजेडाची, जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो, धुकं असेल तर आणखी उशीर, फार लवकर निघून उपयोग नाही.

कुत्री ढाब्यांपाशी असतात, शेतात फारशी नाही. पाणी, चहा, पोहे प्रत्येक मोठ्या गावात मिळतात, हातोदला सकाळी गरम पोह्यांवर जीरावण (इंदुरी चटपटा मसाला) टाकून मिळतं तेवढं खाल्लं की परतीचं बघायचं कारण नाही. मुलं थांबवून 'भैया कित्ते की है' विचारतीलच, खरी किंमत सांगू नका, कुणाचा विश्वास बसत नाही आणि मग पंधरा मिनिटं जातात.

मागचा लाल लाईट दिवसाही चालू असू द्या, विशेषतः कापणीच्या दिवसांत, ट्रॉल्या भरून चाललेल्या असतात आणि ड्रायव्हरला मागचं-बाजूचं काहीच दिसत नाही. या रविवारी हातोद करून बघा, पाय ठीक वाटले तर पुढच्या आठवड्यात कंपेल, आणि जाम गेटला जायचं ठरलं तर खाली लिहा, आमच्यातले दोघं-तिघं राऊ सर्कलवरून निघतात, सोबत होईल.