कात्री कुणाच्या हातात द्यायची?

सप्रेम नमस्कार,

प्रेक्षकांनी मंचावर येऊन कपडा कापायचा, अशा तुझ्या प्रयोगाचा आराखडा वाचला. ‘प्रेक्षकांनी मनाला येईल ते करावं’ हे वाक्य त्यात तीनदा आलंय. आधी ते खोड. अशी मोकळीक दिली की लोक एकतर भिंतीला टेकून उभे राहतात, नाहीतर मोबाइल काढतात. प्रेक्षकाला क्रियापद द्यावं लागतं. एकच, आणि हाताला झेपेल असं.

जपानी कलावती योको ओनोचं ‘कट पीस’ हे सादरीकरण पाहा. 1964 साली क्योतोत ते पहिल्यांदा झालं. 1965 मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी रिसायटल हॉलमध्ये झालेला प्रयोग माहितीपटकार मेझल्स बंधूंनी चित्रित केलाय. कलाकार मंचावर बसतो, पुढ्यात कात्री. एकेकाने यायचं, कपड्याचा छोटा तुकडा कापायचा, सोबत न्यायचा. कलाकार हलत नाही, आणि थांबायचं कधी ते तोच ठरवतो. संपली संहिता. आता यातला एकेक शब्द काढून बघ. ‘एकेकाने’ काढलंस तर झुंड येते. ते असलं की प्रत्येकाला सगळ्यांच्या नजरा झेलत मंचापर्यंत चालावं लागतं, आणि निम्मं काम त्या चालण्यातच होतं. ‘छोटा’ आहे म्हणून मर्यादा कुणी ओलांडली ते दिसतं. कार्नेगीत एक तरुण अंतर्वस्त्राच्या पट्ट्यांपर्यंत पोहोचतो, तेव्हा ओनोचे हात छातीशी जातात. तो क्षण कुणी लिहून ठेवला नव्हता, पण संहितेने त्याला जागा ठेवली होती.

नवखे मात्र नक्कल करतात ती सर्बियन कलावती मरिना अब्रामोविचच्या ‘ऱ्हिदम 0’ या सादरीकरणाची. नेपल्स, 1974: टेबलावर 72 वस्तू, गुलाबापासून पिस्तूल आणि गोळीपर्यंत, आणि प्रेक्षकांना 6 तास त्या वस्तूंनी तिच्यावर काहीही करायची मुभा. शेवटी पिस्तूल तिच्यावरच रोखलं गेलं आणि प्रेक्षकांमध्ये जुंपली. थोर काम, पण शिकायला वाईट नमुना. मधेच बाहेर पडायची वाट त्यात नाही. तुझ्या कामात ती हवी: ठरलेली खूण, आणि ती ओळखणारा एक माणूस पायरीपाशी बसलेला.

साधन कुणाच्या हातात, हेही ठरव. स्लोवाक कलाकार रोमान ओंडाकच्या ‘मेझरिंग द युनिव्हर्स’मध्ये (2007) पेन प्रेक्षकाकडे नसतो. संग्रहालयाचा कर्मचारी भिंतीवर प्रत्येक प्रेक्षकाची उंची नोंदवतो, शेजारी नाव आणि तारीख. बहुतेकांची उंची जवळपास सारखी, म्हणून कोऱ्या भिंतीवर हळूहळू काळा पट्टा दाट होत जातो. पेन लोकांना दिला असता तर काय झालं असतं, ते आपल्या गडकिल्ल्यांच्या भिंतींना विचार!

आता तुझी कात्री. टोकं बोथट, पाती धारदार. टी-शर्टचं ताणलं जाणारं कापड पात्यांमध्ये दुमडतं, माणूस ओशाळतो आणि पुढचे उठतच नाहीत. धुतलेलं साधं सुती कापड घे. डावखुऱ्यांसाठी वेगळी कात्री मदतनिसाकडे असू दे, उजव्या हाताची कात्री डाव्या हातात नीट कापत नाही. येणं, कापणं, परतणं याला माणशी साधारण मिनिट धर. 40 लोक म्हणजे पाऊण तास. सभागृहात 200 असतील तर सगळ्यांची पाळी येणार नाही, हे आधीच गृहीत धर.

पहिला माणूस उठायला वेळ लागतो. घाबरून मित्राला उठवू नकोस. त्याने बाही कापली की पुढचे दहाजण बाहीच कापतील. शांतता ताणू दे. दोन मिनिटं मंचावर फार मोठी वाटतात, प्रेक्षकांत तेवढी नाही.

सूचना 25 शब्दांत बसव, 10 फुटांवरून वाचता येईल एवढ्या अक्षरांत लिही, आणि काम ठाऊक नसलेल्या पाच जणांपुढे ठेव. तोंडाने काहीही समजावू नकोस. कुणी ‘म्हणजे नक्की काय करायचं?’ असं विचारलं, तर वाक्य बदल, माणूस नको. चित्रीकरण होणार असेल तर तेही त्याच फलकावर, दाराशीच लिही. कात्री हातात घेतल्यावर कळून उपयोग नाही.

नवा मसुदा पाठव, कापडाच्या तुकड्यासकट.