पन्नास हजार घ्या, पण तडजोडीच्या कागदावर आत्ता सही नको

माजलगाव तालुक्यातून शिवणकाम करणाऱ्या एका ताईंनी विचारलं आहे. दोन महिन्यांपूर्वी पाणंदीनं घरी येताना भावकीतल्याच एका शेतकऱ्याच्या आखाड्यावरचा कुत्रा त्यांना चावला. उजव्या मनगटाच्या वर दोन खोल जखमा, पोटरीला एक. आजवरचा खर्च ४१,३०० रुपये. कुत्र्याचे मालक ५०,००० रुपये रोख द्यायला तयार आहेत, पण ५०० रुपयांच्या मुद्रांकावर ‘यापुढे कसलीही मागणी राहिलेली नाही’ असं लिहून मागतात. भाऊ म्हणतो, ‘एका दाताला दहा हजार’ असा कोर्टाचा निकाल आहे, पाच लाखांचा दावा लाव. खासगी सर्जननं व्रणाच्या शस्त्रक्रियेचा अंदाज ५५,००० सांगितला आहे. त्यासाठी पतसंस्थेतली ८०,००० ची ठेव मोडावी की दीड तोळ्याची पोत गहाण ठेवावी, हा त्यांचा प्रश्न.

ताई, आधी उत्तर सांगतो. पैसे घ्या, पण तो कागद सही करू नका. शस्त्रक्रियेसाठी आज ना ठेव मोडायची, ना पोत गहाण ठेवायची.

आता हिशेब बघू. झालेला खर्च ४१,३००. तुम्ही महिन्याला सरासरी १२,००० कमावता, म्हणजे दोन महिन्यांचे बुडालेले २४,०००. डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे अजून एक महिना काम पूर्ण बंद आणि त्यापुढचे दोन महिने निम्मं काम, हे आणखी २४,०००. फिजिओथेरपी आठवड्याला तीन वेळा, आठ आठवडे, म्हणजे २४ वेळा. एका वेळचे ३०० आणि येण्या-जाण्याचे १०० धरले तर ९,६००. शस्त्रक्रिया सोडून ही बेरीज ९८,९०० होते आणि शस्त्रक्रिया धरली तर १,५३,९००. यात दुखण्याचा, रात्रीच्या जागरणाचा एक रुपयाही मी धरलेला नाही. शस्त्रक्रिया धरली तर पन्नास हजारांत तुमचं निम्मं नुकसानही भरून निघत नाही, आणि तो कागद उरलेल्या सगळ्यावर पाणी सोडायला सांगतो.

रक्कम कमी आहे ही एक अडचण झाली. त्याहून मोठी अडचण म्हणजे जखमेची खरी किंमत आज कुणालाच सांगता येत नाही. व्रण पक्का व्हायला सहा महिने ते वर्ष लागतं, आणि बहुतेक सर्जन तोवर थांबायलाच सांगतात. मनगटाजवळच्या खोल चाव्यात स्नायूबंध आणि भोवतालचे पडदे एकमेकांना चिकटतात, मग बोटं वळतात पण पकड येत नाही. कात्री हे तुमच्यासाठी खरं मोजमाप आहे. चार पदरी कापड एका दमात कापता येतं का, अंगठा मध्येच सुटतो का, हे महिन्यातून एकदा करून बघा आणि तारखेसह लिहून ठेवा. सहा महिन्यांनीही पकड कमीच राहिली तर जिल्हा रुग्णालयात तपासणी करून अपंगत्वाचं प्रमाणपत्र मागा. त्यावर किती टक्के लिहिलं जातं, त्यानं तडजोडीची रक्कम पार बदलते. हे सगळं कळण्याआधी ‘मागणी राहिली नाही’ असं लिहून देणं म्हणजे ऊस तुटण्याआधी टनाचा हिशेब मिटवणं.

मग पन्नास हजार कसे घ्यायचे? बँकेतून, तुमच्या खात्यावर. पावतीवर एवढंच लिहायचं: ‘अमुक तारखेला माझ्या कुत्र्याच्या चाव्यानं झालेल्या दुखापतीच्या उपचारापोटी व बुडालेल्या कामापोटी आगाऊ रक्कम, अंतिम हिशेब उपचार संपल्यावर.’ खाली दोघांच्या सह्या आणि दोन साक्षीदार. ‘दुखापतीपोटी’ हा उल्लेख करासाठीही लागतो. नात्यातली ठरावीक माणसं सोडून इतर कुणाकडून वर्षात ५०,००० च्या वर पैसे नुसतेच आले तर ते उत्पन्न धरले जाऊ शकतात. शरीराच्या इजेची भरपाई हे सर्वसाधारणपणे उत्पन्न मानलं जात नाही, पण ती भरपाई आहे हे कागदावर दिसलं पाहिजे. पुढे रक्कम वाढली तरी रोख घेऊ नका. एका व्यवहारापोटी दोन लाख किंवा जास्त रोख घेणं कायद्यानं बंद आहे, आणि घेणाऱ्यालाच तेवढा दंड होतो.

एवढी आगाऊ रक्कम आली की पुढच्या तीन महिन्यांचे तुमचे ३३,६०० (कामाचे २४,००० आणि फिजिओथेरपीचे ९,६००) त्यातच भागतात. म्हणून ठेवीला आणि पोतीला हात लावायची गरज नाही, असं मी म्हणतो.

मालक आगाऊ द्यायला नाहीच म्हणाले, तर ठेवीतली निम्मी रक्कम मोडा, पोत ठेवू नका. मुदतीआधी मोडल्यावर व्याजात एक-दोन टक्क्यांचा फटका बसेल, तो परवडतो. गावातल्या सावकाराकडं महिन्याला तीन टक्के म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के, आणि हप्ता थकला तर पोतही गेली. शिवाय पतसंस्थेच्या ठेवीला बँकेसारखं ५ लाखांचं ठेव विमा संरक्षण नसतं. आपल्या भागात लोकांनी याची झळ सोसली आहे. त्यामुळे मुदत संपल्यावर ती ठेव तिथेच पुन्हा ठेवू नका, राष्ट्रीयीकृत बँकेत किंवा पोस्टात न्या.

शस्त्रक्रियेचे ५५,००० खिशातून जातीलच असंही नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. रेशनकार्ड आणि आधार घेऊन अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात किंवा संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात आरोग्यमित्राला, म्हणजे या योजनेच्या तिथल्या मदतनिसाला भेटा. नुसता व्रण दिसायला बरा व्हावा म्हणून केलेली शस्त्रक्रिया बसणं अवघड आहे. हाताची हालचाल अडते असं डॉक्टरांनी लिहिलं, तर विचार होऊ शकतो. म्हणून फिजिओथेरपीच्या नोंदी जपून ठेवा. दोन रुपयांच्या फायलीत सगळं ठेवा, पण ठेवा.

भावानं सांगितलेला ‘एका दाताला दहा हजार’चा निकाल खरा आहे, पण तो तुमच्यासाठी नाही. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२३ मध्ये तो दिला. दाताच्या प्रत्येक खुणेला किमान १०,००० आणि मांस निघालं असेल तर जखमेच्या दर ०.२ सेंटिमीटरला किमान २०,००० रुपये. ती जबाबदारी मोकाट जनावरांबाबत त्या राज्यांच्या सरकारांवर टाकली होती. तुम्हाला चावलेला कुत्रा पाळीव, मालक माहीत आणि जिल्हा बीड. इथं तो दर आपोआप लागत नाही.

पाच लाखांच्या दाव्याबद्दलही स्पष्ट बोलतो. दिवाणी दावा तीन वर्षांच्या आत लावता येतो, म्हणजे घाई नाही. पण मागाल त्या रकमेवर कोर्ट फी, तारखांवर तारखा, आणि शेवटी पुराव्यानं जेवढं सिद्ध होईल तेवढंच पदरात. समोरचा वकील दोन गोष्टींवर भर देईल. एक, कुत्रा आधी कधी कुणाला चावला नव्हता, मग मालकाला काय माहीत? दोन, तुम्ही आखाड्याच्या आत गेला होतात. पहिल्यासाठी, त्याच कुत्र्यानं आधी कुणाच्या अंगावर धाव घेतली असेल, तर त्या माणसाचा जबाब आत्ताच लिहून घ्या, पुढे लोक भावकीच्या भिडेपोटी गप्प बसतात. दुसऱ्यासाठी, चावा झाला ती पाणंदीची जागा, आखाड्याचं कुंपण आणि फाटक एकाच चौकटीत येईल असा फोटो काढा. मालकांनी पैसे देतो म्हणून पाठवलेला मेसेज असेल तर तो पुसू नका. कुत्रा त्यांचाच आहे हे त्यातून दिसतं.

पोलीस ठाण्यात तुम्ही फक्त तोंडी सांगितलंय. तेवढं पुरत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ जनावराबाबत निष्काळजीपणासाठी आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. कलम १२५ दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल अशा बेपर्वाईसाठी, आणि त्यात गंभीर दुखापत झाली तर तीन वर्षांपर्यंत कैद. तुमच्या बाबतीत मला महत्त्वाचं वाटतं ते कलम ११६. पंधरा दिवस तीव्र वेदना झाल्या किंवा नेहमीचं काम करता आलं नाही, तर ती दुखापत गंभीर धरली जाते. तुमचे तर दोन महिने गेलेत. म्हणून डॉक्टरांकडून ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत शिवणकाम करण्यास असमर्थ’ असा दाखला घ्या, नुसतं ‘विश्रांतीचा सल्ला’ नको. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. ठाण्यात घेतली नाही तर पोस्टानं पोलीस अधीक्षकांना पाठवा. कलम २९१ साठी वर्षाची मुदत असते, ती टाळू नका.

मात्र गुन्हा दाखल झाल्यावर तो मागे घेणं एकट्या तुमच्या हातात राहत नाही. तुमच्या यजमानांचा ऊस कुत्र्याच्या मालकांच्याच ट्रॅक्टरनं जातो, हे तुम्ही लिहिलंय, आणि ती काळजी मी हलकी समजत नाही. त्यामुळे आधी आगाऊ रकमेची बोलणी करा, त्यासाठी पंधरा दिवस द्या. नाही जमलं तर तक्रार.

शेवटचा हिशेब कुठे मिटवायचा, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. तंटामुक्ती समितीपुढे बसून बोलणी करायला हरकत नाही, पण तिथला कागद कोर्टाच्या हुकुमासारखा चालत नाही. बोलणी जमली की तालुका विधी सेवा समितीकडे दावापूर्व अर्ज करा आणि तडजोड लोक अदालतीत नोंदवा. कोर्ट फी नाही. लोक अदालतीचा निवाडा दिवाणी हुकूमनाम्याइतका पक्का असतो, त्यावर अपील नाही. त्यांनी हप्ता चुकवला तर नव्यानं दावा नाही, थेट दरखास्त, म्हणजे वसुलीसाठी कोर्टात अर्ज. आणि तुम्ही महिला असल्यानं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे. हेल्पलाइन १५१००. वकिलाचा खर्च या हिशेबात मी धरला नाही तो याचमुळे.

तिथे किती मागायचे? आगाऊ धरून एकूण एक लाखाच्या खाली उतरू नका. दीड लाखापासून बोलायला लागा. शस्त्रक्रिया योजनेत मोफत झाली तर तिचा आकडा सोडून द्या, ताणून धरू नका. नाही बसली तर बिल मालकांनी थेट रुग्णालयाला भरायचं, असं वेगळं कलम घाला. रकमेवर भांडण अडलं की अशा कलमानं बऱ्याचदा गाठ सुटते.

हे आकडे टिकायचे तर पुरावा लागतो, आणि तुमची बाजू इथं कच्ची आहे. ४१,३०० पैकी ३३,००० चीच बिलं तुमच्याकडे आहेत. उरलेल्या ८,३०० साठी त्या मेडिकलमध्ये परत जा आणि नाव, तारीख व औषधाचा बॅच नंबर असलेलं छापील बिल मागा. कोऱ्या चिठ्ठीवरचा आकडा कुणी मानत नाही. कमाईसाठी सगळ्यात चांगला पुरावा म्हणजे तुमची मापाची वही. गिऱ्हाइकाचं नाव, माप, तारीख, घेतलेली उचल, सगळं तिच्यात असतं. मागच्या वर्षीचे हेच महिने आणि या वर्षीची कोरी पानं शेजारी ठेवून फोटो काढा. जोडीला फोनपेचा वर्षाचा उतारा.

आणि काम अगदी बंद ठेवू नका. कटिंग दुसऱ्या कुणाकडून करून घ्या, फॉल-पिकोसारखं हलकं काम डॉक्टरांनी परवानगी दिली की घ्या. आपल्या परीनं नुकसान कमी केलं हे दिसलं, तर तुमची मागणी हलकी होत नाही, भक्कम होते.

आता रेबीजच्या लसीबद्दल. खर्चाच्या भीतीनं शेवटचा, अठ्ठाविसाव्या दिवसाचा डोस राहिला, असं तुम्ही लिहिलंय. तो घ्यायचा का, हे आजच ग्रामीण रुग्णालयात कार्ड दाखवून विचारा. लस तिथे मोफत आहे. मध्ये खंड पडला म्हणून सगळे डोस पहिल्यापासून घ्यावे लागत नाहीत. कुत्रा चाव्यानंतर दहा दिवस धडधाकट होता, हेही डॉक्टरांना सांगा. ते कार्ड जन्मभर जपा. लसीचा पूर्ण कोर्स झालेल्या माणसाला पुन्हा कुत्रा चावला तर दोनच डोस पुरतात आणि जखमेत भरायचं इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागत नाही. तुमच्या बिलातली सगळ्यात मोठी रक्कम त्याचीच आहे. ते वजनावर लागतं, मानवी प्रकारचं किलोमागे २० युनिट, म्हणजे ५५ किलोला १,१०० युनिट.

घरच्यांनाही एवढं सांगून ठेवा: चावा झाला की हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. जखम खोल असेल तर इम्युनोग्लोब्युलिन आहे का हे आधी विचारायचं, नसेल तर लसीचा पहिला डोस तिथेच घेऊन बीड किंवा अंबाजोगाईला निघायचं. ते पहिल्या डोसपासून सात दिवसांच्या आतच देतात.