22 ते 29 डिसेंबर: ख्रिसमस मार्केटसाठी राइनची क्रूझ घ्यावी की डॅन्यूबची?

सासू-सासरे, दहा वर्षांची मुलगी, शाळेच्या सुट्टीमुळे 22 ते 29 डिसेंबर या तारखा, आणि राइन की डॅन्यूब असा तुमचा प्रश्न. नदीचं नंतर बघू. आधी तारखा बदला.

मी रेगेन्सबुर्गला राहते, डॅन्यूबच्या काठावर, आणि नातेवाइकांना दरवर्षी हेच सांगते. जर्मनीतले हे बाजार ॲडव्हेंटचे, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांचे. न्युर्नबर्गचा बाजार पहिल्या ॲडव्हेंट रविवारच्या आधीच्या शुक्रवारी उघडतो (2026 मध्ये 27 नोव्हेंबर) आणि 24 डिसेंबरला दुपारी बंद होतो. कलोनच्या कॅथेड्रलजवळचा, आमच्या रेगेन्सबुर्गचा, पासाऊचा आणि स्वित्झर्लंडमधल्या बाझलचाही बाजार 23 लाच आवरतो. 25 आणि 26 जर्मनीत सार्वजनिक सुट्ट्या, त्यामुळे दुकानंही बंद. तरीही या आठवड्याच्या फेऱ्या ‘ख्रिसमस क्रूझ’ म्हणून विकल्या जातात. बोटीवर झाड असतं, मेजवानी असते, कॅरोल असतात; चौकात मात्र स्टॉल उतरवणारी माणसं दिसतात.

तारखा हलणारच नसतील, तर डॅन्यूब घ्या आणि तीही प्रवाहाच्या दिशेने: न्युर्नबर्ग किंवा पासाऊहून बुडापेस्टकडे. पहिल्या दिवशी जर्मनीतलं जे उघडं असेल ते मिळेल, व्हिएन्नात सिटी हॉलसमोरचा बाजार 26 पर्यंत असतो, शोनब्रुनचा त्यानंतरही चालू राहतो, आणि बुडापेस्टला व्होरोश्मार्टी चौकातला आणि बॅसिलिकासमोरचा वर्षाखेरपर्यंत. हीच फेरी बुडापेस्टहून उलट घेतली, तर 28 ला जर्मनीत रिकामे चौक बघायला पोचाल. माहितीपत्रकात दोन्ही फेऱ्यांची शहरं सारखीच असतात, म्हणून हे कुणाच्या लक्षात येत नाही. राइनचा त्या आठवड्यात विचारच करू नका.

माझं स्पष्ट मत: मुलीची आठवडाभर शाळा बुडाली तरी चालेल, 20 डिसेंबरच्या आत परत या. डिसेंबरचा पहिला आठवडा सर्वांत बरा. शनिवार-रविवार न्युर्नबर्ग आणि स्ट्रासबुर्ग टाळा. सासूबाईंना त्या गर्दीत उभं राहणंही जड जाईल.

बोट लागते कुठे हे शहराच्या नावाइतकंच महत्त्वाचं. कलोन, पासाऊ आणि बुडापेस्टला बोटी सहसा जुन्या शहरालगत लागतात, पायी निघता येतं. न्युर्नबर्गला कालव्यावरच्या बंदरात लागतात, तिथून बसने जावं लागतं. स्ट्रासबुर्गलाही जुनं शहर धक्क्यापासून लांब. व्हिएन्नात धक्का राइशब्रुक पुलापाशी असला, तर फोरगार्टनश्ट्रास स्टेशनवरून यू-1 मेट्रो पकडा, चौथं स्टेशन श्टेफान्सप्लाट्झ. बुडापेस्टला डिसेंबरच्या मध्यात चारच्या आत सूर्य मावळतो आणि बाजाराला खरी शोभा त्यानंतरच येते, पण नेमकं सात वाजता बोटीवर जेवण असतं. व्हिएन्ना आणि बुडापेस्टला ते जेवण सोडा. बाजारातच खा, मात्र ‘सगळे परत’ ही वेळ स्वागतकक्षात विचारून लिहून घ्या. बोट कुणासाठी थांबत नाही.

खाण्याचं थोडक्यात. न्युर्नबर्गचे छोटे सॉसेज डुकराचे. शाकाहारींसाठी सफरचंदाच्या चटणीबरोबरचे बटाट्याचे थालीपीठवजा वडे (त्यात बहुधा अंडं असतं, विचारा), भाजलेले चेस्टनट, साखरेत घोळवलेले बदाम, लसणाच्या सॉसमधले मशरूम, बुडापेस्टला लांगोश (तळलेली जाड पुरी). लेबकूखनच्या (मसालेदार गोड केकवजा बिस्किटांच्या) उत्तम प्रकारात, एलिझेनमध्ये, पिठाऐवजी सुकामेवा भरपूर, पण अंडं असतंच. बोटीवर ‘शाकाहारी’ एवढं कळवून भागत नाही. सुपाचा स्टॉक मांसाचा नको, हे बुकिंगच्या वेळीच लेखी द्या. ग्लूवाइनच्या (गरम मसालेदार वाइनच्या) मगाला अनामत लागते, साधारण 3 ते 5 युरो, मग परत केला की पैसे मिळतात. मुलीसाठी किंडरपुन्श मागा, त्यात दारू नसते. जर्मनी-ऑस्ट्रियात सुटे युरो जवळ ठेवा, अनेक स्टॉल कार्ड घेत नाहीत. बुटाचा तळवा जाड हवा. तापमान बहुधा शून्याच्या आसपास असतं, आणि दगडी फरशीवर तासभर उभं राहिलं की थंडी पायातूनच चढते. बर्फाची आशा धरू नका.

आता केबिन, कारण यावरून आमच्या मोठ्या भाऊजींशी माझा वाद कित्येक वर्षं चालू आहे. त्यांचं म्हणणं, क्रूझला जायचं तर बाल्कनी हवीच. समुद्रावर हवी. नदीत, डिसेंबरात, नको. मोठ्या बोटी 135 मीटर लांब आणि 11.4 मीटर रुंद असतात, कारण वाटेतली बरीच लॉक (बोट वर-खाली नेणारे, दारं असलेले पाण्याचे हौद) 12 मीटर रुंद. म्हणजे अशा लॉकमध्ये बाल्कनीसमोर तीस सेंटिमीटरवर ओली काँक्रीटची भिंत. धक्क्यावर जागा कमी, म्हणून बोटी एकमेकींना खेटून बांधतात आणि तुमच्या काचेसमोर दुसऱ्या बोटीची खिडकी येते. पडदा ओढूनच बसावं लागतं. बोट चालते मुख्यतः रात्री, आणि फ्रेंच बाल्कनी म्हणजे सरकती काच आणि समोर कठडा, बसायला जागा नाहीच. ऑस्ट्रियातली वाखाउची देखणी दरी दिवसा लागली, तर लाउंजमधून दोन्ही काठ दिसतात, बाल्कनीतून एकच. ते पैसे वाचवून बुडापेस्टला हॉटेलात दोन रात्री काढा. भाऊजींनी हे वाचलं तर बरंच आहे.

मात्र तुमच्या बाबतीत एक अडचण आहे. बाल्कनी नसलेल्या केबिन सहसा सर्वांत खालच्या मजल्यावर असतात, आणि बऱ्याच बोटींची लिफ्ट तिथपर्यंत जात नाही. सासू-सासऱ्यांचे गुडघे दुखत असतील, तर त्यांना मधल्या मजल्यावर, बोटीच्या मध्यभागी केबिन घ्या. मागे इंजिनाचा आवाज, पुढे पहाटे धक्क्याला लागताना थ्रस्टरचा (बोट बाजूला ढकलणाऱ्या पंख्याचा). खेटून बांधलेल्या बोटींतून उतरताना कधी कधी जिन्याने वरच्या डेकवर चढून पलीकडे जावं लागतं, तेही धरून चाला.

आणि पाणी. राइनवर काउब गावापाशी पाण्याच्या पातळीचं मोजमाप बघतात: 2018 च्या ऑक्टोबरात ते 25 सेंटिमीटरवर आलं होतं. डॅन्यूबवर जर्मनीतल्या श्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन या उथळ पट्ट्यात बोटी अडतात. पाणी फार वाढलं, तर पुलाखालून बोट जात नाही. अशा वेळी प्रवाशांना बसने पलीकडच्या दुसऱ्या बोटीवर नेतात आणि कंपनीच्या अटींत त्याची मुभा असते. राइनला मिळणाऱ्या मोझेल नदीवर तर 8 डिसेंबर 2024 ला म्युडेनच्या लॉकचं दार मालवाहू बोटीने धडकून मोडलं आणि वाहतूक दोन महिन्यांच्या आसपास खोळंबली. बुक करण्याआधी कंपनीला विचारा: एकाच वेळी उलट दिशेने येणारी तुमची दुसरी बोट आहे का? असेल तर अदलाबदल सोपी जाते, सामान थेट नव्या केबिनमध्ये पोचतं.

शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालतो तो) ज्या देशात जास्त रात्री, त्याचा. सारख्याच असतील तर पहिल्यांदा जिथे उतराल त्याचा. बोटीवरच्या रात्रीही यात धरतात, म्हणून कोणती रात्र कोणत्या बंदरात, याचा तक्ता कंपनीकडून मागवा. शुल्क मोठ्यांना 90 युरो, तुमच्या मुलीला 45. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. डिसेंबरसाठी सप्टेंबरातच करा.