प्रेम, लग्न हे सगळं नशिबात लिहिलेलं असतं का आपण ठरवतो?

दोन्ही असतं ओ, पण लोक नशिबाला जरा जास्तच क्रेडिट देतात. आमच्या सोलापूरचे डॉ. कोटणीस बघा ना, १९१० ला इथं जन्मले, १९३८ ला काँग्रेसनं चीनला पाच डॉक्टर पाठवले त्यात हे एक. आता तिकडं युद्ध पेटलेलं हे काय त्यांच्या हातात नव्हतं, तेवढं नशीब म्हणा पाहिजे तर. पण बाकीचे चौघं परत आले अन् हे राहिले, तिथली भाषा शिकले आणि १९४१ ला गुओ छिंगलान नावाच्या नर्सशी लग्न केलं, ते कुठल्या पत्रिकेत होतं? गुण जुळवायला भटजी तरी कुठनं आणणार तिथं! पुढं मुलगा झाला आणि काही महिन्यांतच, डिसेंबर १९४२ ला फिटच्या आजारानं गेले, वय फक्त ३२. तिथं मात्र कुणाचंच काही चाललं नाही.

त्यामुळं भेट होणं, आजारपण, मरण हे नशिबाच्या खात्यात टाका, पण थांबायचं का निघायचं, हो म्हणायचं का नाही, हे आपलंच की. आणि पोरगी आवडली असंल तर आधी तिला विचारा, ज्योतिषाला नंतर.