सोमवारी त्या कामावर येतील तेव्हा

तुमच्या नऊ जणांच्या लेखा विभागातील एक ताई पतीच्या आकस्मिक निधनानंतर येत्या सोमवारी ऐरोलीच्या कार्यालयात पुन्हा रुजू होत आहेत. त्यांच्याशी त्या विषयावर बोलावे की टाळावे, वर्गणी काढावी का, आणि त्यांच्या कामाचे काय करावे, असे तुम्ही विचारले आहे. मी गेली २२ वर्षे महापे आणि ऐरोली परिसरातील कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागात काम करते आहे आणि असा सोमवार माझ्याही वाट्याला आलेला आहे. म्हणून सर्वांत आधी एक विनंती करते: ‘काही लागले तर सांगा’ हे वाक्य त्या दिवशी कोणीही उच्चारू नका. आपल्याला काय हवे ते ठरवायचे, कोणाकडे मागायचे याचा विचार करायचा आणि भीड मोडून तोंड उघडायचे, ही सगळी कामे त्या वाक्यामुळे दुःखात असलेल्या माणसाच्याच अंगावर पडतात.

माझा धाकटा भाऊ गेला तेव्हा तेराव्यानंतर मी कामावर परतले. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून मनापासून सांत्वन केले, पण त्यातले आज मला एक अक्षर आठवत नाही. आठवते ती कळव्याची एक सहकारी. पुढचा महिनाभर ती रोज सकाळी ठाणे स्थानकात, वाशीकडच्या गाडीच्या फलाटावर, महिलांच्या डब्यापाशी माझी वाट पाहत उभी असायची. कोपरखैरणेपर्यंत ती बहुधा काहीच बोलत नसे. रबाळे मागे पडले की ती स्वतःच्या पिशवीतला एक डबा माझ्या पिशवीत ठेवायची, आणि झाकणावरच्या चिकटपट्टीवर लिहिलेले असायचे, ‘मेथी, दोन पोळ्या. डबा परत द्यायची घाई नाही.’ तिने मला काय हवे ते एकदाही विचारले नाही.

बोलण्याबद्दल सांगायचे तर, विषय टाळू नका, पण लांबवूही नका. ‘तुमचे यजमान गेल्याचे कळले, फार वाईट वाटले’ एवढे एकदा सरळ म्हणावे. त्यांना तुम्ही ओळखत असाल तर त्यांचे नाव घ्यावे, एखादी आठवण सांगावी. ‘देवाची इच्छा’, ‘आता मुलांकडे बघून सावरा’ ही वाक्ये चांगल्या मनाने येतात, तरी ऐकणाऱ्याला ती गप्प बसवतात. ‘कसे झाले हो?’ हा प्रश्न तर मुळीच नको, कारण प्रत्येकाने तो विचारला की तो दिवस त्यांना पुन्हा पुन्हा सांगावा लागतो. रविवारी तुमच्यापैकी एकानेच, जो त्यांना सर्वांत जवळचा आहे त्याने, फोन करून इतरांना काय सांगायचे आणि सर्वांनी जागेवर येऊन भेटलेले चालेल का, हे विचारून घ्यावे.

कामाच्या बाबतीत हात आखडता घेऊ नका. दुकाने व आस्थापनांसाठीच्या राज्याच्या २०१७ च्या कायद्यात वर्षाला ८ दिवसांची किरकोळ रजा आहे, शोकासाठी वेगळी रजा नाही, आणि आपल्याकडे तेराव्यापर्यंतच ती संपून जाते. त्यामुळे उरलेली सवलत विभागप्रमुखांच्या समजूतदारपणावरच अवलंबून असते. जीएसटीच्या विवरणपत्राची २० तारीख दोन महिने तरी दुसऱ्या कोणीतरी नावानिशी स्वतःकडे घ्यावी, आणि त्यांच्या नोंदी कोणीतरी शेजारी बसून पडताळाव्यात. शोकात एकाग्रता ढळते, आकडे उलटसुलट होतात. मात्र त्यांना न विचारता सगळे काम काढून घेऊ नका; पुष्कळांना कामाचाच आधार वाटतो.

जेवणाच्या सुट्टीत त्या हसल्या आणि तासाभराने प्रसाधनगृहात जाऊन रडल्या, तर गोंधळून जाऊ नका. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये हेच मांडले होते की शोक करणारा माणूस दुःख आणि रोजचे जगणे यांच्यामध्ये सतत ये-जा करत असतो. ‘बऱ्याच सावरल्या की’ असा निष्कर्ष कोणी काढू नये.

तुम्ही लेखा विभागातले असल्याने एक गोष्ट तुमच्याइतकी चांगली कोणालाच जमणार नाही, ती म्हणजे कागदपत्रे. मृत्यूची नोंद राहत्या गावी नव्हे, तर मृत्यू जिथे झाला तिथे होते. ठाण्याच्या रुग्णालयात निधन झाले असेल तर दाखला ठाणे महापालिकेकडूनच मिळेल. पती भविष्य निर्वाह निधीचे सभासद असतील तर निधीसाठी फॉर्म २०, निवृत्तिवेतनासाठी १०डी आणि निधीशी जोडलेल्या विम्यासाठी ५आयएफ भरावा लागतो. या विम्याची रक्कम जास्तीत जास्त ७ लाख रुपये असते. ग्रॅच्युइटीची पाच वर्षांची अट मृत्यूच्या बाबतीत लागू होत नाही, हे अनेक कुटुंबांना माहीतच नसते. शिवाय ताईंच्या स्वतःच्या खात्यावर वारस म्हणून बहुधा पतीचेच नाव असेल. ते नाव बदलण्यासाठी संगणकासमोर बसण्याची वेळ येईल तेव्हा त्यांना एकटे सोडू नका.

वर्गणी काढायची तर गाजावाजा न करता काढा आणि पाकीट कार्यालयात नव्हे, घरी द्या.

खरी कसोटी पुढच्या महिन्यांत आहे, जेव्हा बाकी सगळे विसरून गेलेले असतील. नवरात्रातल्या नऊ रंगांचे फोटो निघतील, संक्रांतीला कार्यालयात हळदीकुंकू होईल, आणि कोणीतरी नेमके त्यांनाच वगळून पुढे जाईल. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्याच महिन्यात शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. ऐरोलीच्या काचेच्या इमारतीत तरी मागे राहू नये. आदल्या दिवशी एका मैत्रिणीने त्यांना खासगीत विचारावे की उद्या यावेसे वाटते का, आणि हो किंवा नाही, जे उत्तर येईल ते तसेच मान्य करावे. झोप, जेवण पूर्ण बिघडले किंवा जगण्यात अर्थ नाही असे त्या बोलू लागल्या, तर मात्र वाट पाहू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येते, आणि तो फोन त्यांच्याजवळ बसून लावावा.

वर्षश्राद्धाचा आठवडा आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि त्यांनी रजा मागण्याआधी त्या दिवसांची कामे आपसांत वाटून घ्या.