टीबीचे जंतू चरबीवरून मोजता येतात का?

प्रश्न : डॉक्टर, भावाला फुफ्फुसाचा टीबी आहे, गोळ्या सुरू होऊन दोन महिने होत आले. खोकला कमी झालाय, वजनही वाढतंय. जंतू किती उरलेत ते कळावं म्हणून पहिली मशीनवरची टेस्ट परत करा म्हटलं, तर नको म्हणाले. आता वाचलं की जंतूच्या चरबीवरून ते मोजता येतं. खरंय का?

उत्तर : खरंय, पण अजून रोजच्या वापरात आलेलं नाही. मशीनवरची टेस्ट जंतूचा डीएनए पकडते आणि तो मेलेल्या जंतूचाही बराच काळ टिकतो, त्यामुळे औषध छान लागू पडलं तरी रिपोर्ट पॉझिटिव्ह येऊ शकतो, म्हणून नको म्हणाले ते बरोबरच. कल्चरमध्ये, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघतात त्यात, फक्त जिवंत जंतू वाढतात, पण हा जंतू इतका आळशी की एकाचे दोन व्हायला जवळपास दिवस घेतो, मग रिपोर्टला कित्येक आठवडे जाणारच. आणि मायक्रोस्कोपखाली दिसायला एक मिलिलिटर बेडक्यात साधारण 5 ते 10 हजार जंतू लागतात.

आता चरबी. टीबीच्या जंतूवर मेणासारखं जाड आवरण असतं, त्यात मायकोलिक अ‍ॅसिड असतं, साधारण 60 ते 90 कार्बनची लांबलचक साखळी. आपलं शरीर असलं काही बनवत नाही, त्यामुळे बेडक्यात ते सापडलं तर ते टीबीच्या किंवा त्याच्या जातभाई जंतूचंच. त्याच आवरणातला दुसरा पदार्थ म्हणजे लॅम, साखर आणि चरबी जोडलेला. बेडक्यातलं लॅम मोजलं तर आकडा कल्चरच्या आकड्याशी बराच जुळतो, उपचार चालू झाले की उतरतो, आणि उत्तर आठवड्यांत नाही, काही तासांत मिळतं. (लघवीतली लॅम टेस्ट वेगळी, ती मुख्यतः एचआयव्ही असलेल्यांच्या निदानासाठी वापरतात.)

पण मेलेल्या जंतूची चरबीही लगेच विरघळत नाही, म्हणून एका आकड्यावर जाऊ नका, उतार बघायचा. शिवाय भाऊ जी आयसोनियाझिड घेतोय ती मायकोलिक अ‍ॅसिड बनणंच बंद पाडते, मग आकडा पडला तो जंतू कमी झाले म्हणून की नुसतं आवरण बनणं थांबलं म्हणून? मला लॅमवर जास्त भरवसा वाटतो तो यामुळेच. आणि बेडका म्हणून नुसती लाळ दिली तर कुठलीच टेस्ट खरं बोलणार नाही, सकाळी खोल खोकून काढलेलाच द्या.

सध्या दोन महिन्यांचा स्मिअर (बेडका मायक्रोस्कोपखाली बघायची टेस्ट) आणि कल्चर मागा. स्मिअर निगेटिव्ह आला तरी गोळ्या कोर्स संपेपर्यंत चालूच.